पार्बताबाईचा पासवर्ड

माह्या हातानं खातं उघडलेल्या नऊशे लोकायचा वाढदिवस एकाच दिवशी येते, एक जानेवारीले. हसा, हसून घ्या. परतवाड्याच्या बस स्टँडमागं मोबाईलचं दुकान चालवून पाहा, मंग बोला. खेड्यावरची म्हातारी नवा फोन घेऊन काउंटरवर उभी आहे, मागं सहा गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, बाहेर तिची जीप हॉर्न मारून राहिली आहे, अन् तो फोन विचारते, तुमची जन्मतारीख सांगा. म्हातारी म्हणते, नदीले मोठा पूर आला होता न, त्या साली. काय टाकू मी? एक जानेवारी टाकतो. पासवर्ड म्हणजे नाव अन् पुढं एक-दोन-तीन. कोड यायले एक नंबर लागते, तर तो माह्या दुकानाचा, काहून की ह्या लोकायचे सिमकार्ड दर सहा महिन्यांनी बदलतात. अकरा वर्षं झाले, मी असंच करून राहिलो.

शहरातून येणारे लोक म्हणतात, सरफराजभाई, हे चुकीचं आहे. अरे बाप्पा, चुकीचं आहे तर तुम्ही या अन् त्या जीपवाल्याले थांबवून दाखवा. कोणाचा फोन हरवला, कोणाचा विहिरीत पडला, की माह्याकडंच येतात अन् मी पाच मिनिटात खातं उघडून देतो. आजवर कोणाची एक गोष्ट इकडची तिकडं झाली नाही. पण ह्या गोष्टीत एक चूक माही आहे, ते आधीच सांगून ठेवतो. मधात कोणी बोलू नका.

बोरखेडी इथून नऊ किलोमीटर. तिथं पार्बताबाई सत्तावीस वर्षं आंगणवाडीत सेविका होती. उंची पाच फुटापेक्षा कमीच, आवाज मात्र दोन वावरं ओलांडून जाईल असा. पोरगा कुंदन आठवीत होता तवा नवरा गेला. तेरवीले हार घालाले फोटो पाहिजे, अन् त्या माणसाचा एकट्याचा एक फोटो घरात नव्हता. मंग कोणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला, त्यातून त्याले कापून मोठा केला. तो फोटो मी पाहिला आहे. नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. मनगटापर्यंत आहे, पुढचा माणूस कापल्या गेला. तो हात कोणाचा, ते बाईले माहीत नाही, गावात कोणालेच माहीत नाही.

म्हणून बाईनं गावातल्या एकेकाचे फोटो काढाचं काम सुरू केलं. तिनं असं कधी सांगितलं नाही, पण मी काही दूधपिता नाही. आधी ऑफिसले पोरायचे जेवतानाचे फोटो पाठवा लागत, त्यातून तिले फोन चालवता यायले लागला. मंग माह्याकडून सोताचा फोन घेतला, मी खातं उघडून दिलं, एक जानेवारी, पार्बता एक-दोन-तीन, माहा नंबर. अन् त्या वर्षीपासून दसरा ते दिवाळीच्या मधात बाई घरोघर जायची अन् एकेकाले अंगणात उभं करायची. पदर नीट घे. टोपी सरळ कर. अन् तिचं ठरलेलं वाक्य, मेल्यासारखं तोंड करू नोको, त्याले टाइम हाय.

तेरवीचा फोटो असं कोणी म्हणायचं नाही, पण समजायचे सारेच. त्याआधी गावात कोणी गेलं की घरचे आधार कार्ड घेऊन माह्याकडं यायचे. आधार कार्डावरचा चेहरा तुम्हाले माहीतच आहे, माणूस घाबरून कॅमेऱ्याकडं पाहते अन् कॅमेरा त्याले ओळखत नाही. बाईच्या फोटोतले लोक मात्र घरात असतात तसे असत. मी ते मोठे करायचो, अकोल्याहून आणलेल्या पट्ट्यांची फ्रेम करायचो. आमच्यात मयताचा फोटो भिंतीवर लावत नाहीत. तरी बोरखेडीच्या निम्म्या भिंती मी भरल्या, अन् सारे फोटो पार्बताबाईचे.

एकच माणूस तिच्या हाती लागत नव्हता, पुंजाराम. बाईच्या शेजारचा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बाई फोन घेऊन दिसली की दुपट्टा तोंडावर घ्यायचा. म्हणायचा, माह्या मरणावर टपून बसली काय व? त्याची बायको गोदाबाई समजावून थकली. मंग एका पोळ्याले काय झालं, पुंजारामच्या बैलानं सरपंचाच्या गळ्यातला हार खाल्ला. भाषण चालू असताना, सगळ्या गावासमोर. पुंजाराम असा हसला की दुपट्टा खाली पडला, अन् बाईनं तेवढ्यात दाबलं. बाईनं दुकानात येऊन तो फोटो दाखवला तवा मी लय हसलो. पुंजारामले काहीच सांगितलं नव्हतं, दर वर्षी तो तोंड लपवत राहिला अन् बाई दर वर्षी खोटी खोटी चिडत राहिली.

आता कुंदन. पोरगा वाईट नाही, हे मी कोणासमोरही सांगीन. दहा वर्षं पुण्यात होता, चार वर्षांपासून आयर्लंडले. मागच्या हिवाळ्यात बाई न्हाणीत घसरली, गुडघा सुजला, दोन दिवस शेजाऱ्यांनी पाहिलं. कुंदन घाबरला अन् म्हणाला आता बस, तिकडंच चला. बाईची नात तिकडं, तीन वर्षांची. बाई तयार झाली. मंग तो तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन आला, फोनमध्ये यादी घेऊन. गॅसचं कनेक्शन, बँक, रेशनकार्ड, सिमकार्ड. एकेक काम झालं की समोर बरोबरची खूण करायचा.

जायच्या तीन दिवस आधी दोघं परतवाड्याले आले. बाईचा एक दात दुखत होता, तो निघायच्या आधी काढून टाकू म्हणून ती समोरच्या दवाखान्यात जाऊन बसली. कुंदन तिचा फोन घेऊन माह्या काउंटरवर आला. म्हणाला, आईच्या खात्याला तुमचा नंबर आहे, तो काढून माझा लावायचा आहे. अन् जागा भरली म्हणून सारख्या सूचना येतात, ते पण बघून टाकू. मंग तो फोटो पाहायले लागला. अंगठ्यानं वर सरकवत गेला, सरकवत गेला, अन् थांबला.

"सरफराजभाई, चौदा हजार फोटो आहेत. हे सगळे कोण?"

मी म्हटलं, गाव आहे.

त्यानं मले समजावून सांगितलं, नीट, आवाज न चढवता. लोकायचे चेहरे आहेत, त्यायच्या लेकरायचे आहेत, कोणाची लेखी परवानगी नाही. तिकडं हे असं चालत नाही, उद्या कोणी विचारलं तर आई काय सांगणार? नवीन खातं काढतो, माझ्या घरच्या खात्यात जोडतो, घरचे फोटो त्यात घेतो, बाकी कशाला न्यायचं. मी विचारलं, बाईले विचारलं का? तो म्हणाला, तिला यातलं काय कळतं, मी तिच्यासाठीच तर करतोय.

त्यानं तीनशे बारा फोटो निवडले. बाकीचे डिलीट केले. बाईची इतक्या वर्षांची मेहनत गेली अन् तेवढ्या वेळात मी अर्धा चहा प्यालो. मी उभा होतो, पाहत होतो, अन् काहीच बोललो नाही. एवढंच केलं की नंबर बदलायचा कोड माह्या फोनवर आला तवा मी म्हटलं, नाही आला. सर्व्हर डाउन असंन. त्यानं दोनदा पाठवला, मी दोनदा म्हटलं नाही आला. शेवटी तो म्हणाला, राहू द्या, त्या खात्यात आता ठेवलंय काय. ते खातं त्यानं बंद नाही केलं, फोनमधून काढून टाकलं. डिलीट केलेले फोटो साठ दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून राहतात, मंग कायमचे जातात. हे त्याले माहीत होतं अन् मलेही.

बाई आली तवा तिच्या तोंडात कापूस होता, गाल सुजला होता, बोलता येत नव्हतं. तिनं मले हात केला, दुकानाकडं एकदा नीट पाहिलं, अन् दोघं जीपमध्ये बसून गेले. तिसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी होती. मायलेकाच्या मधात मी कोण, असं मी मनाले समजावलं. खरं सांगतो, भ्यालो. ती तिकडं पोचली, नव्या नंबरवरून फोन केला, थंडी लय आहे म्हणाली, नात गोड आहे म्हणाली, संग नेलेला नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावला म्हणाली. तवाही नाही सांगितलं. पण दिवस मोजून राहिलो होतो. काउंटरच्या आतल्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायचो.

सत्तावनव्या दिवशी, शनिवारी दुपारी, पुंजारामची पोरगी दामिनी दुकानात आली. मी तिले ओळखलं अन् मले समजलं. तिनं आधार कार्ड काउंटरवर ठेवलं. म्हणे, बाबा गेले, सोमवारी तेरवी हाय, याच्यातूनच मोठा करून द्या. पार्बताबाईजवळ चांगला होता म्हणतात, पण बाईले तिकडं सापडून नाही राहिला.

मी त्या कार्डाकडं पाहिलं. पुंजाराम त्यात चोरी करताना धरल्यासारखा दिसत होता. दामिनीले म्हटलं, तासाभरानं ये. ती गेली अन् मी खातं उघडलं. पार्बता एक-दोन-तीन. कोड माह्याच फोनवर आला, मीच टाकला. कचऱ्याच्या डब्यात गेलो अन् वर सरकवत गेलो, अन् तो दिसला, तोंड उघडं, एकच दात, दुपट्टा खाली. फोटोवर लिहिलं होतं, तीन दिवस शिल्लक. खाली बटण होतं, परत आणा. माहा अंगठा त्याच्यावर होता.

अन् मले लाज वाटली. कुंदननं न विचारता कचऱ्यात टाकले होते. मी न विचारता आणत होतो. नऊशे लोकायची खाती मी अशीच उघडली, एकालेही विचारलं नाही की बाबा तुझं दार आहे, किल्ली कोणाजवळ ठेवू. कुंदनवर मनातल्या मनात दोन महिने जळत होतो अन् काम दोघांचं एकच होतं. मी ते बंद केलं अन् बाईले फोन लावला.

सगळं एका दमात सांगितलं. दात, कापूस, चौदा हजार, सर्व्हर डाउन, साठ दिवस. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तिकडून नुसता टीव्हीवर कार्टूनचा आवाज येत होता. मंग बाई म्हणाली, चार दिवसांपासून मी पुंजारामले शोधून राहिली. कुंदनले विचारलं तर म्हणे असंन आई, क्लाउडमध्ये, त्या ढगात असंन. मले वाटलं मलेच पाहता येत नाही.

मी म्हटलं, बाई, तुम्ही हो म्हणा, मी आत्ता परत आणतो, एका मिनिटाचं काम आहे.

"तू हात नोको लावू," बाई म्हणाली. "मी आणते. तू फक्त कोड सांग."

तो तास मी आयुष्यात विसरणार नाही. बाईले चष्मा सापडेना. चष्मा सापडला तर खात्याचं नाव आठवेना. वर तीन रेषा दिसतात का बाई, नाही दिसत. आता दिसतात का, हाव दिसून राहिल्या. दुकानात गिऱ्हाइकं आली, मी हातानं थांबवलं, दोघं चिडून निघून गेले, जा म्हटलं. तेवढ्यात तिकडं कुंदनचा आवाज आला. आई, काय करतेस? बाईनं फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मले सगळं ऐकू येत होतं. तिनं त्याले सरळ विचारलं, माहे फोटो तू कचऱ्यात टाकले का?  तो म्हणाला, आई, ऐक तर, पुंजाराम आजोबांचा एक काढून घे, तेवढा पाठव, बाकीचे जाऊ दे. तुझ्या नावावर अनोळखी लोकांचे एवढे फोटो, उद्या काही झालं तर मी कोणाला सांगू?

मले वाटलं आता बाई ओरडंन. ती ओरडली नाही. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"तुह्या बापाचा फोटो पाह्य तिथं भिंतीवर. त्याच्या खांद्यावर कोनाचा हात हाय, सांग मले."

कुंदनची पावलं भिंतीकडं गेलेली मले ऐकू आली.

"नाही न सांगता येत? मले बी नाही येत. गावात कोनाच्या घरी असा हात राहू नये म्हनून मी चौदा हजार काढले. कोन्या सायबाले विचाराचं असंन तर मले विचारंन तो, मी सांगते त्याले. तू नोको भिऊ. पन मले न विचारता माह्या घरातली काडी आजपर्यंत कोनी हालवली नाही, तुह्या बापानं बी नाही."

 मंग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, अन् कुंदन म्हणाला, आई, एकेक नको निवडू, इथं बोट दाबून धर, म्हणजे सगळे घेता येतात.  बाई म्हणाली, तू नोको दाबू, मले दाखव फक्त. मी इकडं डोळे पुसले. काउंटरवर एक पोरगी रिचार्जले उभी होती, तिले वाटलं माह्या घरी कोणी गेलं.

परत आले, सारेच. बाईनं मोजून दाखव म्हटलं, कुंदननं आकडा वाचून दाखवला. मले वाटलं काम संपलं. पण बाई म्हणाली, थांब, आता तुहा नंबर कसा काढाचा ते सांग. मी म्हटलं, बाई, माहा काहून? माहा नंबर होता म्हणून तर आज वाचले. ती म्हणे, हाव, वाचले, तुहे उपकार. पण तो नंबर माहा हाय का?  एकेक पायरी सांगत गेलो अन् माह्याच तोंडानं माहा नंबर बाहेर काढला. कुंदन म्हणाला, माझा टाकू? बाई म्हणे, तुहा काहून? माहा नाही का आता इथला? मंग पासवर्ड बदलला. मी सवयीनं विचारलं, काय टाकला? बाई म्हणाली, तुले काहून पाहिजे?

जन्मतारीखही तिनं बदलून घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, जन्मली म्हणे मी. सुनेनं त्या सालचं पंचांग कुठून तरी शोधून काढलं अन् तारीख टाकली.

पुंजारामचा फोटो बाईनं पाठवला, दामिनी परत आली तवा तिले म्हटलं, उद्या घरी आणून देतो. रात्र व्हायच्या आत मी तो फ्रेम केला अन् रविवारी सोता बोरखेडीले नेऊन दिला. तेरवीच्या घरी एवढा हसरा फोटो चालंन का, अशी मले धाकधूक होती. गोदाबाईनं फ्रेम मांडीवर घेतली अन् लय वेळ पाहिली. मंग म्हणाली, हा असाच होता, लोकायले माहीत नव्हतं. सरपंचही तिथंच बसले होते, त्यायनं विचारलं हा कवाचा फोटो, अन् कोणीच त्यायले सांगितलं नाही.

त्याले आता दोन महिने झाले. परवा बोरखेडीची चंदा आली, सासू वारली, फोटो पाहिजे. मी बोलता बोलता, सवयीनं, कॉम्प्युटरवर पार्बता एक-दोन-तीन टाकलं. पासवर्ड चुकीचा आहे. मले आठवलं, अन् तरी हात ऐकेना. अकरा वर्षांत मले कोण्या खात्यानं नाही म्हटलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, पासवर्ड विसरलात का, मी ते दाबलं. मंग लिहून आलं, मालकाच्या फोनवर विचारणा पाठवली आहे. मी अन् चंदा पडद्याकडं पाहत बसलो. थोड्या वेळानं आलं, परवानगी नाकारली. अन् माहा फोन वाजला.

"सरफराज, तो तू होय का?"

"हाव, बाई."

"मले फोन विचारून राहिला, हे तुम्हीच का म्हनून. मी 'नाही' दाबलं."

मी म्हटलं, बाई, चंदाची सासू गेली, फोटो पाहिजे होता, म्हणून. बाई म्हणाली, मंग मले माग न. दाराले कडी हाय आता, आवाज दे. मी काउंटरमागं नीट उभा राहिलो, चंदाकडं पाहिलं, अन् आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाले परवानगी मागितली. म्हटलं, पार्बताबाई, चंदाच्या सासूचा फोटो देता का? ती म्हणे, दोन वर्षांपूर्वीचा हाय, हिरव्या लुगड्यातला, चंदाले विचार चालंन का. चंदा रडत रडत हो म्हणाली. पाच मिनिटात फोटो आला.